कोहळ्यावरून सटकलेली सुरी

प्रताप नगर, नागपूर
२७ ऑक्टोबर २०२५

संजीव,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो. या वेळी लिहीत नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास, ह्यांच्या फोनवरून लावला तर तोही केलास. पोस्टमनला कोणी ब्लॉक करू शकत नाही, म्हणून हे पत्र.

भाऊबीजेला ओवाळायच्या ताटात मी तुझी सुरी ठेवली आणि चारचौघांत म्हणाले, "हे घे तुझं भंगार." तू पाटावरून उठून न जेवता उमरेडला निघून गेलास. तुझी बायको अंजू रडत मागे गेली. सगळे मला म्हणाले, सणाच्या दिवशी असं करू नये. बरोबर आहे, करू नये. पण धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी माझ्या मिठाईच्या कारखान्यात काय झालं ते कोणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं.

नवरात्राआधी मी बाजारातल्या सुऱ्या टाकून सगळ्या तू केलेल्या घेतल्या. भावाचा माल म्हणून घेतल्या. ऐन दिवाळीच्या गर्दीत एकेक सुरी अशी बोथट झाली की बर्फीचा तुकडा कापायचा सोडून चेपायला लागली. संत्रा बर्फीत कोहळा लागतो हे तुला माहीत आहे. माझ्याकडे कामाला असलेली गोपिका कोहळा कापत होती. कोहळ्याची साल जाड, सुरी आत शिरेना, तिने जोर लावला आणि सुरी सालीवरून सटकून डाव्या अंगठ्याच्या खाली घुसली. सगळ्या ओट्यावर रक्त. अंगठा ओढणारी दोरीच तुटली म्हणाले डॉक्टर. धंतोलीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. तिचा अंगठा अजून वाकत नाही.

आमचं एक गिऱ्हाईक आहे, परदेशात राहून आलेलं. सुरी हातात घेऊन हसलं. म्हणालं, हे हलकं स्टील आहे, जगभर याचं नाव खराब आहे, याला धार टिकतच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता सरळ ऐक. २३ नोव्हेंबरला जरीपटक्यात मिठाईवाल्यांच्या मंडळाची सभा आहे. गावातल्या सगळ्या दुकानांना तुझ्या सुऱ्या घ्यायचा ठराव त्यात होणार होता, आणि तो मीच लावून धरला होता. मीच आता अध्यक्षांना फोन करून सांगितलं की घेऊ नका. तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून कळवते.

कामिनी

*

उमरेड
३१ ऑक्टोबर २०२५

ताई,

तू आशीर्वाद लिहिला नाहीस, मीही नमस्कार लिहीत नाही.

गोपिकाताईंच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तू ज्या तोऱ्यात निकाल लावून मोकळी झालीस त्याची चीड आली आहे आणि ती गिळून मी गोड लिहिणार नाही. भाऊबीजेला भाऊजींचे मित्र, शेजारी, मुलं, सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. पन्नाशीला आलेला माणूस मी, आणि तू मला पोराबाळांसमोर भंगारवाला केलंस.

त्या गिऱ्हाइकाला विचार, स्टील हलकं म्हणजे काय? भांड्याचं स्टील वेगळं. त्याला कितीही तापवा, ते कडक होत नाही. माझं सुरीचं स्टील आहे. स्वस्त आहे, हो. पण पात्याला पाणी नीट दिलं, म्हणजे तापवून नीट विझवलं, तर ते उत्तम काम करतं. कणीक तीच असते ना ताई? एकीची पोळी फुगते, एकीची वातड होते, तेव्हा कोणी गव्हाला शिव्या देत नाही. बाजारातल्या त्या पत्र्यासारख्या सुऱ्या नुसत्या छापून काढतात, पाणी देतच नाहीत, किंवा कसंबसं देतात. वर धार इतकी जाड ठेवतात की नवी असतानाच टमाटर फुटतो. नाव मात्र स्टीलचं खराब.

एक मान्य करतो, उगाच बढाई नको. महागड्या स्टीलइतके दिवस याची धार टिकत नाही. मधूनमधून दगडावर घ्यावी लागते. पण दगडावर घेतली की लगेच परत येते. वाकेल पण तुकडा पडणार नाही, आणि संत्र्याच्या रसात लोखंडी सुरीसारखी काळी पडणार नाही. तुझ्या कामाला हेच स्टील पाहिजे, म्हणून मी हेच दिलं. प्रत्येक पातं भट्टीत लाल करून तेलात विझवतो, मग मंद आचेवर ठेवतो. बाबांच्या मागाचा खड्डा आठवतो ना, ज्यात पाय सोडून ते लुगडी विणायचे? त्याच खड्ड्यात आता तेलाचा पिंप आहे. माझ्याकडची चारही माणसं आधी मागावरचीच आहेत. साडी विकली जाईना म्हणून सुरी करायला शिकली. मंडळाचं काम गेलं तर मला शेड बंद करावी लागेल. हे तुला माहीत होतं, तरी फोन केलास.

माझ्या सुऱ्या माझ्याकडे पाठव. जिने हात कापला ती आणि आणखी पाच. काय झालं ते मी शोधतो.

संजीव

*

प्रताप नगर, नागपूर
४ नोव्हेंबर २०२५

संजीव,

खोक्यात सहा सुऱ्या पाठवल्या आहेत. वर लाल दोरा बांधलेली गोपिकाची. नीट धुतली आहे, घाबरू नकोस.

कणकेचं गणित मला शिकवू नकोस. माझ्या हाताखाली आठ बायका पिठाचं आणि खव्याचंच काम करतात. पोळी वातड झाली तर मी बाईला विचारते, हे खरं. पण गहूच किडका असेल तर बाई काय करणार? तू तर स्वतःच कबूल केलंस की धार टिकत नाही. दिवाळीच्या आठवड्यात मधूनमधून दगडावर घ्यायला कोणाला फुरसत होती रे? ऑर्डरी संपेनात, खोके बांधायला माणसं पुरेनात, तिथे तुझ्या सुऱ्यांची सेवा करत बसायचं?

गोपिकाचा खर्च सगळा मी करते आहे. ऑपरेशन झालं, आता अंगठा हलवायचा व्यायाम सुरू आहे, तो कितीतरी महिने चालणार. तिचा नवरा जयवंता पेंटिंगच्या कामाला जातो, काम कधी असतं कधी नसतं. मी करते, कारण सुरी मी आणलेली होती आणि सुरी खराब होती. तिच्या स्वतःच्या चुकीने झालं असतं तर मी कुठवर पुरले असते? हे घरातले लोक मला रोज ऐकवतात.

तेव्हा तुझ्या तपासाने काही उजेड पडणार असेल तर लवकर पाड. अंजूला सांग, तिचा डबा इथेच राहिला आहे.

कामिनी

*

उमरेड
९ नोव्हेंबर २०२५

ताई,

उजेड पडला. डोळे उघडून वाच.

सहाही सुऱ्यांवर मी कानस फिरवून पाहिली. मुठीजवळ कानस नुसती घसरते, म्हणजे पातं तिथे जसं दिलं तसंच कडक आहे. पुढे टोकाकडे आलो की कानस पात्याला खाते. एकाच पात्याचा मागचा भाग कडक आणि पुढचा मऊ. असं माझ्या भट्टीत होऊच शकत नाही, कारण पातं अख्खं आत जातं. मग भिंग घेतलं. पात्यांच्या मागच्या बाजूला मुठीकडे, जिथे तुमचा स्क्रबर पोचत नाही, तिथे पिवळट तपकिरी आणि पुढे निळसर झाक आहे. सहाही सुऱ्यांवर. असा रंग स्टीलला आगीतच येतो.

तुझ्याकडे माझ्या सुऱ्या गॅसवर धरतात! पुन्हा पुन्हा धरतात. पात्याचं पाणी उतरलं ते त्यामुळे. एकदा उतरलं की कितीही दगडावर घासा, सकाळी लावलेली धार दुपारी गेलेली असते. जगातली सगळ्यात महाग सुरी अशी तापवली असती तरी तिचं हेच झालं असतं. तुझ्या त्या परदेशी गिऱ्हाइकाला जाऊन सांग.

माझ्याकडच्या माणसांना मी त्या सुऱ्या दाखवल्या. रुपराव तर इतका संतापला की एक सुरी भिंतीवर फेकून मारली. आम्ही दोन आठवडे मान खाली घालून काम करत होतो. कुठे चुकलं, तेल जुनं झालं का, भट्टी कमी पडली का, एकमेकांवर संशय घेत होतो. आणि तू तिकडे मंडळाला फोन करत होतीस.

कोणी तापवल्या, ते शोध. आणि सभेच्या आधी अध्यक्षांना सांग की माल चांगला होता.

संजीव

*

प्रताप नगर, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय संजीव,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तुझ्यावर मी रागावले होते, पण भाऊ म्हणून तुझी लाज वाटण्याचं दुःख त्याहून मोठं होतं. ते गेलं.

मी चौकशी केली. बाकीच्या बायका आधी बोलेनात, मग दामिनीने सांगितलं. बर्फीचे तुकडे साफ पडावेत म्हणून गोपिका सुरी गॅसवर तापवायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि कापायची. तिचं पाहून बाकीच्याही करायला लागल्या. म्हणजे जे झालं ते तिच्याच हाताने झालं. बिचारीला काय माहीत, पण झालं खरं.

आता असं कर. अध्यक्ष म्हणतात, आधी तुम्ही एक सांगितलं, आता दुसरं सांगता, काहीतरी लेखी आणा. तर गोपिकाकडून तू दोन ओळी लिहून घे, की सुरी मी गॅसवर तापवत होते. मी मागितलं तर बरं दिसणार नाही, ती माझ्याकडे कामाला आहे. तू तिऱ्हाईत आहेस. पत्ता खाली दिला आहे. ते पत्र सभेत वाचलं की तुझं काम पक्कं.

आणि हे मिटलं की तिच्या खर्चाचाही मला एकदा विचार करावा लागेल. घरचे काय म्हणतात ते तुला लिहिलंच होतं. पण ते माझं मी बघीन, तू त्यात पडू नकोस.

रविवारी दोघं जेवायला या. ओवाळणं राहिलं आहे.

तुझी,
ताई

*

उमरेड
१४ नोव्हेंबर २०२५

गोपिकाताई यांना नमस्कार.

मी संजीव, कामिनीताईंचा धाकटा भाऊ. कारखान्यात सुऱ्या मी पुरवल्या होत्या. तुमच्या हाताला झालेल्या दुखापतीचं ऐकून फार वाईट वाटलं. लवकर बरं वाटावं.

एका गोष्टीसाठी लिहितो आहे. तुमच्या सुऱ्या आगीत तापल्यामुळे मऊ पडल्या, असं मला आढळलं. ताई म्हणते, तुम्ही बर्फी कापताना सुरी गॅसवर धरत होतात. तसं असेल तर कृपया दोन ओळी लिहून खाली सही करून पाठवा. मिठाईवाल्यांच्या सभेत ते दाखवावं लागेल, कारण माझ्या मालाला नाव ठेवलं गेलं आहे आणि चार कुटुंबांचं पोट त्यावर आहे.

तुमच्यावर कसलाही ठपका ठेवायचा हेतू नाही. यात तुमचं काही वाकडं होणार नाही, याची खात्री बाळगा.

आपला,
संजीव

*

नागपूर
१७ नोव्हेंबर

संजीवदादा,

नमस्कार. माझा उजवा हात शाबूत हाय म्हणून मीच लिहून राहिली. मी बारावी झाली हाये, दुसऱ्याकडून लिहून घ्याची गरज नाही. पण मले तुमच्यासारखं पुस्तकातलं लिहिता येत नाही, जसं बोलतो तसंच लिहितो आम्ही.

तुमाले सही पायजे ना? घ्या. सुरी मी गॅसवर तापवत होती. खरं हाय. खाली सही केली हाये.

आता बाकीचंही वाचा, कारण अर्धं खरं मी लिहून देणार नाही. आम्ही पहिले सुरी गरम पाण्यात बुडवून बर्फी कापत होतो. इतक्या वर्षांपासून तसंच होतं. या दिवाळीले बाई म्हणाल्या, पाण्यानं बर्फीच्या कडा ओल्या राहतात, लवकर बुरा येते, गिऱ्हाईक परत आणून देते. गॅसवर धरा, पटापट काम होईल. मी म्हटलं, बाई, सुरी काळी पडून राहिली. तर म्हणे, घासून टाक, स्टीलले काय होते. हे बाईनं मले सगळ्यांसमोर सांगितलं. दामिनी तिथंच होती. तिले कोणी विचारलं असन तर तिनं अर्धंच सांगितलं असन, तिची नोकरी हाये, मी तिले दोष देत नाही.

मग धार गेली. तुम्ही सुऱ्यांसोबत धार लावाचा दगड दिला होता. तो बाईनं कपाटात ठेवला, म्हणे धार लावत बसान तर दिवाळी निघून जाईन. मी तीनदा सांगितलं, बाई, या सुरीनं कोहळा कापला जात नाही, कोणाचा तरी हात जाईन. तर मले काय म्हणाल्या माहीत हाये? "तुझ्याच हातात जोर नाही वं, दाबून काप." मी दाबून कापला.

तुम्ही भाऊ-बहीण दोघं महिनाभर भांडून राहिले, सुरी चांगली का वाईट. बाईनं दवाखान्यात येऊनही मले तेच सांगितलं, माझ्या भावाची सुरी खराब निघाली, त्याले मी सोडणार नाही. आता म्हणता सुरी चांगली होती, म्हणजे मी खराब. सुरी खराब होती तोवर माझा इलाज होत होता. सुरी चांगली झाली का माझा इलाज बंद होईन, हे समजाले मले बारावीही नाही लागत. तुम्ही लिहिलं माझं काही वाकडं होणार नाही. कोणाले विचारून लिहिलं? तुमाले माझा अंगठा दिसते का तिथून? वाकडाच हाये तो. सरळ होत नाही अन् पूर्ण वाकतही नाही. पोरीची वेणी घालता येत नाही मले.

अन् तुमालेही एक विचारतो. सुऱ्या द्याले तुम्ही स्वतः कारखान्यात आले होते. आम्ही सगळ्या तिथंच होतो. काहून नाही सांगितलं आम्हाले, आगीत धरू नका म्हणून? तुम्ही बाईसोबत चहा प्याले अन् गेले. कापाचं काम कोण करते हे तुमाले दिसलं नाही का?

मले तुमच्या चार कुटुंबांचं वाईट पायजे नाही. माझंही एक कुटुंब हाये. आता हे पत्र पूर्ण वाचा सभेत, नाहीतर वाचूच नका.

गोपिका

*

उमरेड
१९ नोव्हेंबर २०२५

कामिनीताई,

सोबत गोपिकाताईंच्या पत्राची झेरॉक्स आहे. आधी ती वाच. उभ्याने वाचू नकोस, बसून वाच.

वाचलीस?

आता मला सांग, तू मला काय समजतेस? माझ्या हातून त्या बाईच्या पोटावर पाय द्यायला निघाली होतीस, आणि वर मला तिऱ्हाईत म्हणून पुढे केलंस. "चौकशी केली", "दामिनीने सांगितलं", "बिचारीला काय माहीत". अगं, हुकूम तुझा होता! तुझ्या तोंडचे शब्द त्या पत्रात आहेत. तीनदा सांगूनही तू ऐकलं नाहीस आणि जिचा अंगठा गेला तिच्याकडून लिहून आणायला मला पाठवलंस. आणि मी गाढवासारखा गेलो, कारण मला माझं काम वाचवायचं होतं. ते पत्र लिहिताना माझ्या मनात एकदाही आलं नाही की ही बाई काय वाचेल. तिने विचारलं, सुऱ्या देताना आम्हाला काहून सांगितलं नाही.  मी खरंच तुझ्याशी बोललो, चहा प्यालो आणि आलो.

स्टील हलकं आहे म्हणून नाव ठेवणाऱ्यांचा मला किती राग येतो ते तुला माहीत आहे. त्या रागात मी विसरलो की तुझ्या कारखान्यात स्टीलसारखंच आणखीही कोणाला नाव ठेवता येतं, आणि स्टीलसारखंच तिलाही उलटून बोलता येणार नाही असं तू गृहीत धरलंस. ती बोलली, म्हणून तुझं आणि माझं पितळ उघडं पडलं.

मी सभेत ते पत्र वाचणार नाही. येणारही नाही. तू मंडळाला फोन केला होतास, तूच जा. काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग, सगळं सांग, गोपिकाताईंचं नाव चुकीसाठी न घेता सांग. नाही सांगितलंस तर ते काम माझं झालं तरी मी घेणार नाही, शेड बंद पडली तरी नाही. रुपराव आणि बाकीच्यांना मी हे पत्र वाचून दाखवलं आहे. रुपरावने विचारलं, "मंग आपलं काय होईन गा?" तरी त्याने मला थांबवलं नाही.

आणि तिचा इलाज बंद केलास तर त्या दिवसापासून मला बहीण नाही.

संजीव

*

प्रताप नगर, नागपूर
२४ नोव्हेंबर २०२५

संजीव,

काल सभेला गेले होते. तुझ्यावर संतापून गेले. दोन दिवस तुझं पत्र फाडायचं म्हणून हातात घेत होते आणि पुन्हा ठेवत होते. तू म्हणतोस मी तिला मुद्दाम पुढे केलं. मुद्दाम केलं की नाही ते मलाच कळत नाही रे. दामिनीने सांगितलं तेव्हा मला माझा हुकूम आठवला होता. आठवला आणि मी दुसऱ्या कामाला लागले. बस, एवढंच झालं. एवढं सोपं असतं ते.

सभेत मी उभी राहिले आणि म्हटलं, सुऱ्या चांगल्या होत्या. त्या गॅसवर तापवायला मीच सांगितलं, त्यामुळे त्यांचं पाणी उतरलं. धार लावायचा दगड मी कपाटात ठेवला. हात कापला तिने मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला वाटलं आता लोक माझ्या तोंडावर थुंकतील. पण पलीकडच्या रांगेतले दोघं-तिघं एकमेकांकडे पाहायला लागले. मग अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे ही सुरी गॅसवर चालत नाही?" मी म्हटलं, कोणतीच सुरी चालत नाही. ते म्हणाले, "ताई, गॅसवर तर आमच्याकडे सगळेच धरतात. मग ही आमच्या काय कामाची?"

तुझं काम गेलं, संजीव. पाच मिनिटांत गेलं. त्यांनी बाहेरच्या देशातल्या महागड्या सुऱ्या मागवायचं ठरवलं. मी ओरडले, अहो, त्याही मऊ पडतील! तर एक जण हसून म्हणाला, महाग वस्तूला असं काही होत नसतं. मला माहीत आहे पुढे काय होणार. त्या बोथट झाल्या की हेच लोक आपल्या कारागिराला म्हणतील, तुला वापरता येत नाही. तुझ्या बोथट झाल्या असत्या तर म्हणाले असते, स्टील हलकं. मी ते ऐकत होते आणि माझ्या अंगाची आग होत होती, कारण त्या सगळ्यांच्या तोंडून मीच बोलत होते.

तू आता रुपरावला काय सांगणार, याचा मी रात्रभर विचार केला. माझ्याकडे काही उपाय नाही. माझ्या कारखान्याला लागतील त्या सुऱ्या मी तुझ्याकडूनच घेईन, पण त्यात चार घरं चालत नाहीत, हे मला कळतं. खोटा धीर देत नाही.

सभेतून तशीच गोपिकाकडे गेले. तिने दार उघडलं, पण बस म्हणाली नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं, मी सगळं खरं बोलले, तुझा इलाज पूर्ण होईपर्यंत सगळं माझ्याकडे, तुझी जागा कोणाला देणार नाही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा निदान बरं म्हणेल. ती म्हणाली, "बाई, तिथं तुम्ही मोठ्या लोकांसमोर बोलल्या. मले 'तुझ्या हातात जोर नाही' असं म्हटलं ते कोणासमोर म्हटलं होतं?"

मी म्हटलं, कारखान्यात.

"मंग तिथंच सांगा. सगळ्या बायांसमोर. मी येतो."

मिठाईवाल्यांसमोर बोलणं एक वेळ सोपं होतं. हे नाही. या बायकांना मी रोज ओरडते, त्यांच्याच हातचं खाते, त्यांच्यापुढे मान खाली घालून उभं राहायचं म्हणजे काय ते तुला कळणार नाही. आणि मला राग येतो आहे, तुझा, तिचा, त्या मंडळाचा, आणि सगळ्यात जास्त ज्या तोऱ्यात मी तो दगड कपाटात ठेवला त्या तोऱ्याचा.

गुरुवारी सकाळी सगळ्या कामावर येतात. गोपिकाही येणार आहे. तू ये. माझी बाजू घ्यायला नको. तिच्या बाजूला उभा राहा, म्हणजे मला मधेच थांबता येणार नाही.

ताई